कर्सिव्ह गेलं तर नेमकं काय बिघडेल? (दुसरीतली मुलगी आणि चार रेघी वही)

चाररेघी (धागाकर्ती)

मंडळी, घरात तीन दिवस यावरून धुसफूस चाललीये, म्हणून इथे टाकतेय.

मुलगी दुसरीत. इंग्रजी माध्यम. परवा डिक्टेशनची वही घरी आली. दहा शब्द, दहाही बरोबर आणि गुण सहा. का, तर खाली शेरा: "सुटी अक्षरं नकोत, जोडून लिही." पोरीचं स्पेलिंग चुकलं नव्हतं, फक्त अक्षरांनी एकमेकांचे हात धरले नव्हते. गंमत अशी की याच शाळेनं सीनियर केजीपर्यंत तिच्याकडून सुटी अक्षरं घोटून घेतली. पहिलीच्या दिवाळीनंतर फर्मान आलं, आता ते विसरा, कर्सिव्ह लिहा.

त्यात ती डावखुरी. बाकीची मुलं पेन्सिल ओढत नेतात, ही ढकलत नेते, आणि मागून येणारी करंगळी लिहिलेलं सगळं सारवत येते. संध्याकाळी तळहाताची कड काळी कुळकुळीत.

नवरा म्हणतो, "मी हातानं शेवटचं काय लिहिलं ते मला आठवत नाही, पासपोर्टचा फॉर्मसुद्धा ऑनलाइन भरला." सासूबाईंचं म्हणणं, त्यांच्या वेळी असल्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हणायचे आणि छडी मिळायची, तेव्हा सहा गुण म्हणजे लाडच. मी मराठी माध्यमातली. इंग्रजी पाचवीपासून, म्हणजे एबीसीडी भेटली तीच दहाव्या वर्षी. बाईंनी फळ्यावर चार रेघा ओढून कर्सिव्ह शिकवलं ते आम्हाला चित्रकलेच्या तासासारखं वाटायचं. मोठी 'एफ' काढताना जीभ बाहेर यायची. मला आवडायचं, म्हणून मला ठरवता येत नाहीये.

तर विचारायचं एवढंच: आजच्या मुलांना कर्सिव्ह हवं का? की चांगलं सुटं अक्षर आणि टायपिंग एवढं पुरे?

(हा अख्खा मजकूर मी कणीक मळता मळता फोनला बोलून उतरवलाय. कुणी काही बोलू नका.)

पासवर्डविसरलो

पहिला! आणि माझं उत्तर: नको.

चौदा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. या काळात पेन लागलं ते चेकवर सही करायला, व्हाइटबोर्डवर चौकोन काढायला आणि लग्नाच्या अहेराच्या पाकिटावर नाव घालायला. त्यातलं एकही जोडून लिहावं लागलं नाही. त्या चार रेघी वहीवर आठवड्याचे तीन तास जात असतील तर त्यात मुलांना मराठी टायपिंग शिकवा. आठवीतल्या किती मुलांना कीबोर्डवर 'ज्ञ' कुठून काढायचा ते माहीत आहे? सगळी रोमनमध्ये 'कसा आहेस' लिहितात. सरकारी नोकरीला मराठी टंकलेखनाचं तीस शब्दांचं प्रमाणपत्र मागतात, कर्सिव्हचं कुणी मागितलेलं ऐकलं नाही.

डॉ. गिचमिड

आमच्या व्यवसायाचा उल्लेख येण्याआधीच हजेरी लावतो.

२०१६ साली मेडिकल कौन्सिलच्या नियमातच दुरुस्ती झाली, औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा. म्हणजे देशातल्या सगळ्यांत जास्त शिकलेल्या लोकांना कायद्यानं बालवाडीत परत पाठवलं. कॉन्व्हेंटमध्ये मला कर्सिव्हसाठी बक्षीस मिळालं होतं. ओपीडीत साठ पेशंट झाले की त्या बक्षिसाची पार मोळी होते. जोडून लिहिण्यात हा धोका आहेच. सुटं अक्षर बिघडलं तर एक अक्षर बिघडतं. जोडलेलं बिघडलं की सगळा शब्द ईसीजीसारखा दिसतो.

लाल शाई

चाररेघी, आधी शाळेत जाऊन भेट. (मुलीच्या वयाची असशील म्हणून अगं-तुगं करतेय, राग नको.) डिक्टेशनमध्ये स्पेलिंग तपासायचं असेल तर अक्षराच्या वळणाचे गुण कापायचे नसतात. दोन वेगळ्या गोष्टी एका पारड्यात टाकल्या की मूल दोन्हींचा तिरस्कार करतं. आणि ती डावखुरी असेल तर वही तिरकी, वरचं टोक उजवीकडे झुकवून ठेवू दे, पेन्सिल टोकापासून थोडी मागे धरू दे. अर्धं सारवणं थांबेल.

मी सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत एकतीस वर्षं काढली. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा आम्हालाच धड कर्सिव्ह येत नव्हतं. रात्री घरी कित्ता गिरवायचा आणि सकाळी फळ्यावर ऐटीत काढायचं. त्यात कळलं की अवघड अक्षरं नसतात, अवघड सांधे असतात. 'ए', 'डी', 'एन' ही खाली संपतात, त्यांना पुढचं अक्षर सहज चिकटतं. पण 'बी', 'ओ', 'व्ही', 'डब्ल्यू' वरच्या रेघेवर संपतात. तिथून पुढे 'आर' किंवा 'एस' आला की मूल अडकतं. 'ओ' नंतरचा 'आर' बघा, दर दहातल्या सहा मुलांचा तो 'एन' होतो. पुस्तकात अक्षरं एकेकटी गिरवायला देतात आणि सांधे कुणी शिकवतच नाही. मग कर्सिव्ह येत नाही म्हणून ओरडायचं.

माझं मत विचाराल तर चौथीपर्यंत सुटं, स्वच्छ, सारख्या उंचीचं अक्षर. पाचवीत पेन हातात आलं की मूल आपसूक घाई करायला लागतं. तेव्हा त्याला जोडायला शिकवावं, कारण तेव्हा त्याला गरज असते. दुसरीच्या मुलाला कसली घाई आहे?

आणि मराठी अक्षराकडे कुणाचं लक्ष आहे का? फोनवर हिंदी वळणाचे ल आणि श बघून मुलं तसेच काढतात. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श, यासाठी २००९ साली सरकारनं निर्णय काढला होता. शाळेतल्या बोर्डावर तरी तो पाळा.

ओट्यावरून (न्यू जर्सी)

इथे हा वाद जोरात झालेला आहे. २०१० साली बऱ्याच राज्यांनी जो सामायिक अभ्यासक्रम घेतला त्यात कर्सिव्हचा उल्लेखच नव्हता, कीबोर्ड होता. माझा मुलगा त्याच पिढीतला. मग गाडी उलटी फिरली. वीसहून जास्त राज्यांनी कर्सिव्ह परत आणलंय, कॅलिफोर्नियाने तर ऑक्टोबर २०२३ मध्ये कायदाच केला, पहिली ते सहावी. इथलं राष्ट्रीय अभिलेखागार स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांची पेन्शनची कागदपत्रं वाचायला स्वयंसेवक शोधतं आणि म्हणतं, कर्सिव्ह वाचता येत असेल तर या. आजीआजोबांच्या वयाच्या लोकांना एकदम भाव आलाय.

माझा अनुभव सांगते. बाबांनी मला इकडे आल्यावर पंधरा वर्षं पत्रं लिहिली. बाबा रेल्वेत हेडक्लार्क, इंग्रजी अक्षर तिरकं, लांबट, सगळं एका ओढीत. गेल्या वर्षी बाबा गेले तेव्हा मुलाला म्हटलं, वाच आजोबांनी तुझ्या जन्माच्या वेळी काय लिहिलं होतं ते. मराठी त्याला येत नाही म्हणून बाबा मुद्दाम इंग्रजीत लिहायचे. त्यानं पत्र उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "आई, हे मराठी आहे ना?"

पासवर्डविसरलो

ओट्यावरून, वाचून वाईट वाटलं. पण त्यासाठी मुलाला कर्सिव्ह *लिहिता* यायची गरज नाही ना? वाचायला शिकणं पंधरा दिवसांचं काम आहे.

ओट्यावरून

हो, शिकला. मीच शिकवलं, पंधरा दिवसही नाही लागले. पण शिकवायला मी होते.

कीसपाडे

कुणीतरी 'संशोधनानं सिद्ध झालंय' म्हणण्याच्या आत थोडा कीस पाडतो.

२०२४ च्या जानेवारीत नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या विद्यापीठाचा अभ्यास आला आणि व्हॉट्सअॅपवर फिरला: हाताने लिहिल्यावर मेंदू जास्त उजळतो. खरं आहे, पण बारीक अक्षरातलं वाचा. ३६ विद्यार्थी, डोक्यावर २५६ सेन्सरची जाळी. लिहायला स्क्रीनवर डिजिटल पेन. आणि टाइप कसं करायचं? उजव्या हाताच्या एका बोटानं. एका बोटानं टाइप करणाऱ्याशी तुलना म्हणजे लंगडी घालणाऱ्याशी शर्यत. शिवाय त्यांनी मेंदूतल्या भागांची जोडणी मोजली, कोण जास्त शिकलं ते नाही.

२०१४ चा अमेरिकेतला नोट्स घेण्यावरचा अभ्यासही असाच गाजला: लॅपटॉपवाले ऐकलेलं जसंच्या तसं उतरवतात, पेनवाले स्वतःच्या शब्दांत लिहितात, म्हणून पेनवाल्यांना जास्त कळतं. २०१९ मध्ये दुसऱ्या गटानं पुन्हा करून पाहिलं तेव्हा फरक इतका ठळक राहिला नाही.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो कॅरिन जेम्स यांचा इंडियाना विद्यापीठातला, २०१२ चा. वाचायला न येणारी पाच वर्षांच्या आसपासची मुलं. अक्षर हाताने काढायचं, ठिपक्यांवर गिरवायचं किंवा कळ दाबायची. नंतर तीच अक्षरं दाखवून मेंदूचा स्कॅन. वाचनाशी संबंध असलेले भाग जागे झाले ते स्वतः मोकळ्या हाताने काढलेल्या अक्षरांना. आता दोन गोष्टी बघा. एक, ती अक्षरं सुटी होती, कर्सिव्ह नव्हे. दोन, *गिरवण्याचा* परिणाम मोकळ्या हाताने काढण्याइतका दिसला नाही.

म्हणजे पुरावा हस्तलेखनाच्या बाजूनं आहे. कर्सिव्हच्या बाजूनं त्यातून वेगळं काही निघत नाही. आणि ते 'फिनलंडने हाताने लिहिणं बंद केलं' हेही खोटं. २०१६ पासून तिथे फक्त जोडून लिहिण्याची सक्ती गेली, सुटं अक्षर मुलं आजही हातानंच शिकतात.

लाल शाई

कीसपाडे, गिरवण्याबद्दल लिहिलंत ते वाचून जरा वेळ गप्प बसले. आयुष्यभर पाटीवर 'ग' काढून द्यायचा आणि मुलांना त्यावरून पेन्सिल फिरवायला लावायची, हेच केलं. पण तुमचा अभ्यास माहीत नसताना एक करायचे: दहा वेळा गिरवला की पाटी पुसायची आणि म्हणायचे, आता न बघता काढ. तेव्हाचा वाकडातिकडा ग पोराला कायमचा यायचा. बरं वाटलं वाचून.

सपे_कॉटबेसिस

सदाशिव पेठेतल्या खोलीवरून लिहितोय, तिसरा अटेम्प्ट.

इथे सगळे म्हणताहेत, मोठेपणी हाताने लिहावं लागत नाही. आमच्याकडे या. यूपीएससी मुख्य परीक्षा म्हणजे नऊ पेपर, प्रत्येक तीन तासांचा, सगळं हाताने. आता राज्यसेवेची मुख्यही वर्णनात्मक झाली. आधी सगळे बहुपर्यायी गोळे काळे करण्यात वाकबगार झाले होते, आता अभ्यासिकेत अर्धी पोरं मनगट दाबत बसलेली असतात. मुद्दे येतात, हात येत नाही.

पण मी मराठीतून लिहितो. मला इंग्रजी कर्सिव्हचा काय उपयोग? देवनागरी *वेगानं* कशी लिहायची हे मला पहिलीपासून एमएपर्यंत कुणीही शिकवलेलं नाही. प्रत्येकजण स्वतःची पळवाट शोधतो. माझी पळवाट म्हणजे शिरोरेघ सोडून देणं. वेग दीडपट झाला. मग टेस्ट सिरीजच्या सरांनी पेपर परत दिला, 'घ' आणि 'ध' कळत नाही, 'भ' आणि 'म' कळत नाही. 'धन' लिहिलेलं 'घन' वाचलं गेलं. अर्थशास्त्राचा पेपर होता.

तर माझा प्रश्न वेगळा आहे: मराठीचं कर्सिव्ह कुठे आहे?

बोरूबहाद्दर

सपे, तुमच्या प्रश्नाची वाट बघत दोन पानं गप्प बसलो होतो.

मराठीचं कर्सिव्ह होतं. त्याचं नाव मोडी. आणि शाळेतून जोडलेलं अक्षर काढून टाकलं की काय होतं हे बघायला न्यू जर्सीला किंवा फिनलंडला जायला नको. आपण ते करून बसलोय. १९५० च्या सुमारास मोडी शाळांतून गेली.

तुमच्या शिरोरेघेपासूनच सुरू करतो. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा, आणि मग त्या रेघांना अक्षरं लटकवत जायचा. म्हणजे प्रत्येक अक्षराला वर जाऊन टोपी घालण्याचा त्रासच नाही. काना, वेलांटी, उकार हे अक्षराच्याच ओघात वळवून पुढे नेलेले. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. बोरू उचलायचा तो दौतीत बुडवायला. देवनागरीची अक्षरं 'मोडून' केली म्हणून मोडी, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. हेमाडपंतानं आणली, लंकेहून आणली या कथा ऐकायला छान आहेत, ऐकून सोडून द्याव्यात.

देवनागरीला तेव्हा बाळबोध म्हणत. पोथ्या बाळबोधीत, कारभार मोडीत. दासबोधात लेखनावर एक अख्खा समास आहे, एकोणिसाव्या दशकातला पहिला. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत दिसावं, सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं वाटावं, असा आग्रह. तो बाळबोध अक्षराबद्दल आहे. म्हणजे चाररेघीताई, सुटं अक्षर आणि पळतं अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळ्या कामांच्या, हे आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वी लोकांना ठाऊक होतं. तुमच्या शाळेला ठाऊक नाही.

मोडी मेली ती छापखान्यामुळे. तसं बंगालात सेरामपूरला विल्यम केरी या मिशनऱ्यानं मोडीचे टाइप पाडून कोशही छापला होता १८१० मध्ये. पण जोडून वाहणाऱ्या अक्षराचे शिशाचे सुटे तुकडे करायचे म्हणजे वाहत्या पाण्याच्या विटा पाडण्यासारखं. छापायला देवनागरी सोयीची, मग शाळेत एकच लिपी पुरे, असा हिशोब झाला. त्या वेळी तो बरोबरही वाटला असेल.

आता परिणाम. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, कोल्हापूरला, पार तंजावरच्या सरस्वती महालात मोडीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पडून आहेत. ते दूरचं झालं म्हणा. २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि एकाएकी तहसील कचेऱ्यांना मोडी वाचणारी माणसं हवी झाली. ओबीसी दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो असतो गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदीत. जुनी कोतवाल बुकं मोडीत. शेतकरी स्वतःच्या पणजोबांच्या नावावर बोट ठेवून उभा आहे आणि ते त्याच्या पणजोबांचं नाव आहे हे त्याला कळत नाही. मी त्या महिन्यांत रोज दहा तास बसून वाचत होतो. ती लिपी लिहिणारा कोतवाल फार शिकलेला नव्हता हो.

संपादक

चर्चा छान चालू आहे. दाखले, आरक्षण, समिती यावरचं राजकारण इथे नको, त्याला वेगळा धागा आहे. तिथे आधीच दोनशे प्रतिसाद आहेत.

पासवर्डविसरलो

बोरूबहाद्दर, प्रतिसाद जबरदस्त, वाचनखूण साठवली. पण तुमचाच पुरावा तुमच्यावर उलटवतो, हलके घ्या.

मोडी गेली म्हणून १९५० नंतरच्या कोट्यवधी मुलांना एक लिपी कमी शिकावी लागली. माझी आजी, कधी शाळेत न गेलेली, प्रौढ साक्षरता वर्गात देवनागरी शिकली आणि पेपर वाचायला लागली. दोन लिप्या असत्या तर एकही शिकली नसती. याच्या बदल्यात तुम्हाला काय लागलं? जिल्ह्याला पाच-दहा मोडी वाचक. ते वर्ग लावून तयार होतात. मग सगळ्या राज्यातल्या मुलांनी बोरू का घासायचा? आता तर मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्येही जागा आहे. यंत्रालाच वाचायला शिकवा.

बोरूबहाद्दर

आजीचा मुद्दा मान्य. अगदी मान्य. सगळ्यांना मोडी लिहायला लावा असं मी म्हणतच नाही.

पण यंत्राचं सांगतो. युनिकोडनं अक्षराला नंबर दिला, वळण नाही दिलं. चिटणिशी वळण निराळं, बिवलकरी निराळं, इंग्रजी अमदानीत टाक-फौंटनपेनानं लिहिलेली मोडी तर पार मुंग्यांची रांग. यंत्राला शिकवायचं तर आधी हजारो पानं कुणीतरी माणसानं वाचून द्यावी लागतात. तो माणूस आणणार कुठून? पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग चालतात, पुराभिलेख खातंही घेतं. पोरं उत्साहानं येतात, मुळाक्षरं शिकतात. पण अक्षर ओळखणं आणि कागद वाचणं यात दोन वर्षांचं अंतर असतं.

आणखी एक. ज्यानं स्वतः मोडी लिहिली तो झरझर वाचतो. हात कुठून कुठे गेला असेल हे त्याच्या बोटांना समजतं. नुसती डोळ्यांनी शिकलेली मुलं अडखळतात. याला संशोधन नाही, माझ्या वर्गातली वीस-बावीस वर्षं आहेत. कीसपाडे, पाडा कीस.

कीसपाडे

नाही पाडत. २०१२ च्या अभ्यासाशी जुळतंय खरं तर.

रंगारी

मी जाहिरातीत अक्षरं काढतो, म्हणून दोन पैसे. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं ज्या 'मंगल' फॉन्टमध्ये आपण सगळे मराठी वाचत आलो तो र. कृ. जोशींनी केला, आणि ते हाडाचे सुलेखनकार. अच्युत पालवांनी मोडीचाच अभ्यास करून आपलं वळण घडवलं. कॉम्प्युटर की हात, असा वाद घालताना ज्या अक्षरांत घालतोय ती कुणाच्या तरी हातातूनच आलीत. बाकी मला कर्सिव्हचं काही पडलेलं नाही, मुलांना ब्रश द्या.

चाररेघी

एवढे प्रतिसाद! लाल शाई, तुमचं ऐकून शाळेत गेले होते. वर्गशिक्षिका चांगल्या आहेत, म्हणाल्या वरून आदेश आहे, तपासणीला वह्या बघतात. पण डिक्टेशनचे गुण वेगळे करायला तयार झाल्या. वही तिरकी करून पाहिली. करंगळी अजून काळी होते, पण निम्मी.

बोरूबहाद्दर, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या उठल्या आणि माळ्यावरच्या ट्रंकेतून एक कागद घेऊन आल्या. आमच्या वाईच्या घरातला, घरात सगळे त्याला 'जमिनीचा कागद' म्हणतात. कुणालाच वाचता येत नाही. पण भाऊबंदकीत त्याच्यावरून एकदा बोलाचाली झाली होती म्हणे. फोटो टाकलाय. बघाल का?

बोरूबहाद्दर

फोटो जरा सरळ काढून टाका, घडीवर सावली पडलीये. वर 'श्री' आहे. त्याखाली शके १८४७ क्रोधननाम संवत्सरे, वैशाख. म्हणजे १९२५, एप्रिल-मे. अक्षर सुरेख आहे, लिहिणारा पाटीलकी-कुलकर्णीपणातला किंवा दुकानदार असणार.

चाररेघी

टाकला. दोन काढलेत, एक खिडकीपाशी.

बोरूबहाद्दर

चाररेघीताई, बसलात का?

जमिनीचा कागद नाही. पहिली ओळ आहे 'याद लग्नाची'. सामानाची यादी आहे. तांदूळ, गूळ, नारळ सव्वाशे, हळकुंडं, सुपाऱ्या. पत्रावळी पाचशे. वाजंत्री रुपये चार. 'सोनार बाकी' असं लिहून आकडा खोडलाय, बहुतेक दिली असावी. खाली एक बाईचं नाव आहे, 'चि. सौ. कां. ठकूताई'.

चाररेघी

ठकूताई म्हणजे आजेसासऱ्यांची थोरली बहीण!! सासूबाई रडताहेत आणि हसताहेत. या कागदावरून दोन चुलत घरं वर्षभर बोलत नव्हती.

सपे_कॉटबेसिस

आजचा अभ्यास गेला. पण मजा आली. बोरूबहाद्दर, वर्ग कधी असतो?

बोरूबहाद्दर

शनिवारी. बोरू घेऊन या, बॉलपेन चालणार नाही. शिरोरेघ आधी ओढायची, मग तुमचा घ-ध चा घोळच राहणार नाही.

एक शंका मात्र राहिली. चौथ्या ओळीत तूप आहे, किती शेर ते कळत नाही. पुढचं अर्ध्याचं चिन्ह स्पष्ट आहे, पण आकड्यावर डाग आहे. तुपाचाच असेल. दीड की अडीच?

लाल शाई

नारळ सव्वाशे आणि पत्रावळी पाचशे असतील तर अडीच तरी हवंच. अडीचही कमीच.

चाररेघी

सासूबाईंचं म्हणणं, आमच्या घरचं असेल तर दीडच.